सोलोंगोचा पेला

सोलोंगोला गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना कधी किळस वाटली नाही. मेंढीच्या आतड्यातले जंत चिमट्याने वेचायचे, सडलेल्या खुरातला पू पिळून काढायचा, गळवाला चीर देताना तोंडावर उडालेली चिळकांडी बाहीने पुसायची, ही कामं ती अंकाऱ्याच्या पशुवैद्यक कॉलेजात चार वर्षं बिनतक्रार करत होती आणि त्याआधी घरी, मंगोलियातल्या डोंगरउतारावर, समज आल्यापासून करत होती. पहिल्या शवविच्छेदनाला वर्गातल्या तुर्की मुली नाकाला रुमाल लावून बाहेर पळाल्या होत्या. ही तास संपल्यावर हात धुऊन पायरीवर बसली आणि तीळ लावलेलं पावाचं कडं खात खात सगळ्यांची नावं विचारत होती.

अशा मुलीला चहाच्या एका पेल्यापायी ओकारी झाली. तीही पेरिहानमावशीच्या स्वयंपाकघरात, जिथे खाली सांडलेला भात उचलून खावा इतकी फरशी स्वच्छ असते आणि ब्लीचच्या वासाने ताटातलासुद्धा खाववत नाही.

पेरिहानमावशी म्हणजे सोलोंगोची घरमालकीण. वय सदुसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या कागदांवर शिक्के मारले आणि अठ्ठावीस वर्षं प्रत्येक शिक्क्यानंतर बोटांना लिंबाचं कोलोन चोळलं, असं ती स्वतःच अभिमानाने सांगायची. जेबेजी भागात तिसऱ्या मजल्यावरचा तिचा फ्लॅट. आत शिरायचे नियम तोंडपाठ करावे लागत. बूट दाराबाहेर काढायचे, पण उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर मोजा टेकवायचा नाही; एक पाय बुटातून थेट आतल्या सपातेत, मग दुसरा. संडासाच्या सपाता गुलाबी, घरातल्या करड्या, पाहुण्यांच्या निळ्या. पहिल्याच आठवड्यात सोलोंगो गुलाबी सपाता घालून दिवाणखान्याच्या गालिच्यावर दोन पावलं चालली, तर पेरिहानमावशीने अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचे लोक भूकंप समजून जिन्यात आले. गालिचा त्याच दिवशी धुवायला गेला. जाताना त्याला दोन माणसांनी खांदा दिला होता, आणि मावशीचा चेहराही तसाच होता.

किराणा दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली होती: स्वच्छ, शांत विद्यार्थिनीला खोली. वसतिगृहात सहा जणींत एक आरसा आणि एक खिडकी याला कंटाळलेली सोलोंगो तीन वर्षांपूर्वी ती चिठ्ठी वाचून वर आली.

"कुठली तू? चीनची?" मावशीने दारातच विचारलं होतं.

"मंगोलियाची."

"अगंबाई! म्हणजे आमच्या पूर्वजांच्या मुलखातली की तू! आम्ही तिथूनच तर आलो घोड्यांवर बसून. ये, ये, आत ये. नाही, थांब, आधी तो बूट काढ. नाव काय?"

"सोलोंगो."

"सोंगुल?"

"सोलोंगो."

"सोंगुल. छान नाव आहे, आमच्यातच ठेवतात."

झालं. त्या दिवसापासून ती त्या घरात, जिन्यात, किराणा दुकानात आणि औषधवाल्याकडे सोंगुल झाली. मावशीच्या मैत्रिणी महिन्यातून एकदा जमायच्या तेव्हा तिला दिवाणखान्यात बोलावून दाखवलं जायचं. 'ही आमची सोंगुल, आमच्या पूर्वजांच्या देशातली.' बायका गालाला हात लावून बघायच्या, काय खाता, घोडा खाता का, कुत्रं खाता का विचारायच्या, आणि मग आपसांत म्हणायच्या की डोळे एवढेसे आहेत तरी रंग गोरा आहे.

आणि तिसऱ्या दिवशी तो पेला आला.

चहाचा नेहमीचाच, मध्ये कंबर असलेला, काचेचा पेला. तळाशी, बाहेरच्या बाजूने, नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका. मावशीने तो तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हा तुझा. दुसऱ्यांना हात लावायचा नाही, ते माझे. हा तुझा."

सोलोंगोच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीला वाटलं, चहा गरम लागला.

आता ह्यात रडण्यासारखं काय, असं दुसऱ्या कोणाही परक्या मुलीला वाटलं असतं. सोमालियाची असती तर तिला पहिल्या मिनिटाला समजलं असतं, आणि आपल्याकडची असती तर पेला हातात घ्यायच्या आधीच. पण सोलोंगोच्या घरी प्रत्येकाचा वाडगा वेगळा. वडिलांचा आतून चांदीचा पत्रा बसवलेला, आईचा कडेला चीर गेलेला, भावाचा लहान. दुसऱ्याच्या वाडग्याला ओठ लावायचे नाहीत. पाहुण्यांसाठी चार साधे वाडगे असतात, कुठलाही कोणालाही मिळतो. धाकटी मामी लग्न होऊन आली तेव्हा आठवडाभर पाहुण्यांच्याच वाडग्यातून प्यायली आणि मग एका सकाळी आजीने तिच्यापुढे नवा वाडगा ठेवला, 'हा तुझा' म्हणाली. मामी घरची झाली ती त्या दिवशी. लग्न आपलं कागदावर.

सोलोंगोने रविवारी आईला फोन केला. आई, डुल्मा तिचं नाव, सिग्नलसाठी टेकडीवर चढून बसलेली असायची, वारा घोंघावत असायचा आणि अर्धं बोलणं त्यातच जायचं. पण हे तिला बरोबर ऐकू आलं. "तिने तुला वाडगा दिला? तिसऱ्या दिवशी?" आईने तीनदा विचारलं. खाली उतरून आसपासच्या चारही तंबूंत सांगून आली: माझ्या मुलीला तुर्की बाईने घरची केली. पुढे तीन वर्षं आईचा फोन सुरू व्हायचा तो 'तुझा पेला शाबूत आहे ना' या प्रश्नाने.

त्या पेल्याच्या जोरावर सोलोंगोने बाकीचं सगळं गिळलं. मिनीबसमध्ये बोटांनी डोळे ताणून दाखवणारी कार्टी, आणि ती हसतात म्हणून हसणाऱ्या त्यांच्या आया. निवासपरवान्याची रांग, जिथे पाच तास उभं राहून खिडकीशी पोचावं तर आतला बाप्या फाईल न उघडता 'फोटो जुना' म्हणून परत सरकवतो आणि तोच हात लगेच पँटला पुसतो. 'किती छान तुर्की बोलतेस' असं म्हणून पुढच्या वाक्याला शब्द तोडून तोडून बोलणारे मास्तर. पूर्वजांच्या मुलखातली म्हणून हात जोडणारा आणि लगेच 'उंदीर भाजून खाता की उकडून' असं विचारणारा टॅक्सीवाला. किळस येत असे या सगळ्याची तिला. पण संध्याकाळी करड्या सपाता घालून स्वयंपाकघरात जावं, आपला पेला घ्यावा, दोन मजली किटलीतून चहा ओतावा, की ती शिसारी ओसरायची. आपल्याला इथे एक घर आहे, असं ती स्वतःला सांगायची.

पेरिहानमावशी वाईट होती असंही नाही, हीच तर पंचाईत. दुसऱ्या वर्षी सोलोंगोला कडक ताप आला तेव्हा आठ दिवस मावशीने दही-पुदिन्याचं सूप करून घातलं. वाटी दाराबाहेर स्टुलावर ठेवायची, टकटक करायची आणि दोन पावलं मागे सरून विचारायची, "संपवलंस का गं पोरी? मी काळजीने झोपले नाही." खरंच झोपलेली नसायची.

तर ती मंगळवारची गोष्ट. एप्रिल महिना, शेवटचं वर्ष. मंगळवारी सोलोंगोला दिवसभर जनावरांच्या दवाखान्यात काम असे, त्यामुळे तापात खोलीत पडून होती ते आठ दिवस सोडले तर ती तीन वर्षांत एकाही मंगळवारी घरी नव्हती. त्या दिवशी दवाखान्याचा पाण्याचा पाइप फुटला आणि सगळ्यांना सुटी दिली. ती अकराच्या सुमाराला घरी आली. मावशी रक्तदाब मोजून घ्यायला औषधवाल्याकडे गेली होती. स्वयंपाकघरात स्टुलावर, पायांखाली वर्तमानपत्र अंथरून, गुलिझार बसली होती. ही मंगळवारी साफसफाईला यायची. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, दोन मिनीबस बदलून. सोलोंगोची तिची जिन्यात अधूनमधून गाठ पडायची. घरी पालक घालून पोळ्या केल्या की गुलिझार एक कागदात गुंडाळून हिच्या उशाशी ठेवून जायची.

तिच्यापुढे पाव, काळे ऑलिव्ह. हातात पेला. तळाशी लाल ठिपका.

"गुलिझारताई," सोलोंगो म्हणाली, "तो... तो माझा पेला आहे."

"कोणाचा?"

"माझा."

गुलिझार आधी पेल्याकडे बघत राहिली, मग तिच्याकडे, आणि मग तिला असं हसू फुटलं की पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसली. "तुझा होय! अगं पोरी, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी ह्यातून पितेय. अकरा वर्षं झाली मला ह्या घरात. बरं, तुझा तर तुझा, घे, दोन घोट आहेत तळाशी."

"पण हा ठिपका..."

"कळायला. म्हणजे चुकून बाईसाहेबांच्या तोंडाला लागायला नको. तुझ्याआधी ती सोमाली पोरगी होती ना, उंच, देखणी, ती ह्याच्यातून. रखवालदाराची बायको आली की ह्याच्यातून. गॅसवाला, नळवाला, मी, तू. आपली सगळ्यांची एकच पंगत." तिने ऑलिव्हची बी थुंकून तळहातावर घेतली. "रंग उडत आला की बाईसाहेब ईदच्या आधी नवा लावतात. तुला सांगितलं नाही कोणी? घाबरू नकोस, घासलेला असतो. मीच घासते, सगळ्यात शेवटी, वेगळ्या स्पंजने."

सोलोंगो बेसिनवर वाकली आणि सकाळचं सगळं बाहेर आलं.

गुलिझार धावली. तिची पाठ चोळली, कपाळ धरलं, तोंडावर पाणी मारलं. "काय झालं गं? पोटुशी तर नाहीस? तसं असेल तर आत्ताच सांग, बाईसाहेबांना कळायच्या आत काहीतरी बघू." आणि स्वतःच्याच विनोदावर हसली, कारण तिला ती मुलगी आवडत होती.

पण सोलोंगोला ओकारी कशाची आली होती, हे तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही. पेरिहानमावशीची नाही. तो विचार दहा मिनिटांनी आला. आधी डोळ्यांपुढे आले ते गुलिझारचे ओठ. फाटलेले, तेलकट, कडेला पावाचा कण चिकटलेला. ते ओठ तीन वर्षं, दर मंगळवारी, तिच्या पेल्याला लागत होते. मग नळवाल्याच्या पिवळ्या मिशा. मग कोणाकोणाची थुंकी. दुसऱ्याच्या वाडग्याला ओठ लावायचे नाहीत हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं, आणि ती तीन वर्षं अख्ख्या इमारतीच्या उष्ट्यावर जगत होती. पाठीवरून फिरणारा गुलिझारचा हातसुद्धा तिला नकोसा झाला. तिने खांदा आकसून घेतला. गुलिझारला वाटलं, गुदगुल्या होतात.

त्या संध्याकाळी तिने मावशीला विचारलं. फार आडवळणाने विचारणार होती, पण जिभेला दमच निघेना.

"मावशी, तो पेला गुलिझारताईचा आणि माझा एकच आहे?"

पेरिहानमावशी टीव्ही बघत होती. तिने आवाज कमी केला. लाजली नाही, गडबडली नाही. "हो. मग? अगं, तू दिवसभर जनावरांच्या ढुंगणात हात घालतेस. ती दिवसभर लोकांचे संडास धुते. मी म्हातारी बाई, मला रक्तदाब आहे. मनात काही आणू नकोस पोरी. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. माझी मुलगी इझमीरहून येते तेव्हा तिच्या बुटाचे तळसुद्धा मी पुसते."

"पण पेला?"

"पेला कशाला? ती माझी मुलगी आहे."

मग तिला वाटलं असावं की हे जरा लागलं, म्हणून तिने सोलोंगोच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तूही मला मुलीसारखीच आहेस." आणि हात उचलून टेबलावरच्या कोलोनच्या बाटलीकडे नेला, दोन थेंब ओतले, चोळले. तिला स्वतःला ते कळलंही नाही. इतकी वर्षांची सवय, श्वास घ्यावा तशी.

सोलोंगो खोली सोडू शकत नव्हती. परदेशी लोकांच्या पत्त्यांची नवी नोंद जवळपासच्या वस्त्यांत बंद होती. पत्ता बदलला की परवान्याची रांग पहिल्यापासून, आणि पदवी दोन महिन्यांवर. शिवाय आई येणार होती. जूनमध्ये, पदवीदानाला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. पेरिहानमावशीने स्वतःहून सांगितलं होतं, 'हॉटेलात कशाला? इथे राहू दे, देवाने धाडलेला पाहुणा.' आणि आई येताना चांदीच्या पत्र्याचा वाडगा आणत होती. माझ्या मुलीला घरची करणाऱ्या बाईला.

आईला खरं सांगायचं तिने तीन रविवार ठरवलं. तिन्ही रविवारी टेकडीवरून आईचा आवाज आला, 'तुझा पेला शाबूत आहे ना?' आणि ती 'हो' म्हणाली. सांगणार कसं? आई चार तंबूंत काय तोंड घेऊन जाईल? सांगायचं नाही हे ठरलं, तसं दुसरंही ठरलं. काहीही होवो, आईच्या ओठांना तो पेला लागता कामा नये. ज्यातून नळवाला प्यायला त्यातून आपली आई पिणार नाही. एवढ्यावर तिने दोन महिने काढले, अभ्यास कमी आणि हाच विचार जास्त.

मे महिन्यात तिने पेला फोडला. मुद्दाम, फरशीवर आपटून, आणि 'हातातून निसटला' म्हणून सांगितलं. "काच लागली नाही ना पोरी?" मावशीने काळजीने विचारलं. मग चमच्यांच्या खणातून नखाच्या रंगाची बाटली काढली. त्या बाईने जन्मात कधी नखं रंगवली नव्हती. बाटली फक्त ह्यासाठीच होती. खोक्यातला नवा पेला उपडा घातला, ठिपका दिला, फुंकर मारली. पाच मिनिटांत नवा पेला तयार. "घे," म्हणाली.

मग सोलोंगो सरळच बोलली. "आई असेल तोवर तिला पाहुण्यांच्या पेल्यातून चहा द्याल?"

"हे काय विचारणं झालं? सोनेरी कडेचे काढीन!" मावशीला खरोखरच वाईट वाटलं. "तू मला समजतेस तरी काय?"

डुल्मा आली ती मंगळवारी, दुपारी. घोट्यापर्यंतचा निळा झगा, कमरेला पिवळा रेशमी पट्टा, अंगाला शेणाच्या धुराचा आणि मेंढीच्या चरबीचा वास. जिन्यातच तिने मुलीचं डोकं दोन्ही हातांत धरून दोन्ही गालांचा खोल वास घेतला, तिकडे आया मुलांना असंच भेटतात. "ती हुंगते का तुला?" पेरिहानमावशीने दारातून दबक्या आवाजात विचारलं. पण मग श्वास रोखून पुढे झाली आणि पाहुणीच्या दोन्ही गालांवर गाल टेकवले. रोखलेला श्वास तिने थेट दिवाणखान्यात गेल्यावर सोडला, हे सोलोंगोने पाहिलं.

आईने बूट, उंबरा, सपाता, सगळं मुलीने शिकवलं तसं बरोबर केलं. बसल्याबरोबर गाठोडं सोडलं, वाडगा काढला, सोलोंगोकडून दूध मागून घेतलं. रिकामं भांडं भेट देत नाहीत. निळ्या रेशमी पट्टीवर दुधाने भरलेला वाडगा ठेवून, दोन्ही हातांनी तिने तो घरमालकिणीपुढे धरला आणि बरंच काही बोलली.

"काय म्हणते?" मावशीने विचारलं.

"तुम्ही मला घरची केलीत म्हणून आभार मानते. हे प्यायचं असतं."

मावशीने वाडग्यात पाहिलं. आईच्या अंगठ्याचं नख दुधाला टेकलं होतं. पण अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई ती; डोळे मिटले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. हसली. 'एक मिनिट हं' म्हणून बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला, आणि नळाच्या आवाजाखाली दुसराही एक आवाज होता.

"काय करते ती?" आईने विचारलं.

"नमाजाची वेळ झाली. हातपाय धुतेय."

"किती धार्मिक बाई," आई म्हणाली. सोलोंगोला त्या घरातल्या प्रत्येक भिंतीचा उबग आला.

सोनेरी कडेचे पेले आले, चहा झाला, नळ एकदाचा बंद झाला. आई म्हणाली, "हे पाहुण्यांचे ना? तुझा कुठेय? मला तुझा बघायचाय."

"फुटला, आई. मागच्या महिन्यात."

"फुटला? आणि मला बोलली नाहीस?" आईचा चेहरा पडला. मग उठली, रिकामे पेले ताटलीत ठेवले, कारण दुसऱ्याच्या घरी नुसतं बसून राहणं तिला येत नव्हतं, आणि सोलोंगो 'अगं राहू दे' म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा.

तिथे गुलिझार स्टुलावर बसली होती. दुपारचा चहा घेत होती.

"हा काय इथे आहे की!" आई ओरडली. "लाल ठिपका! लबाड, फुटला म्हणतेस!" तीन वर्षं फोनवर ऐकलेला तो ठिपका तिने हजारात ओळखला असता.

गुलिझारला भाषेचा एक शब्द कळला नाही, पण आनंद कळला. ती उठून उभी राहिली, ठिपक्यावर बोट ठेवलं, मग सोलोंगोकडे दाखवलं. "सोंगुल! सोंगुलचा!" म्हणाली आणि दातांच्या फटीतून हसली. आपला चहा तिने एका घोटात संपवला, पेला नळाखाली दोनदा विसळला, ताजा चहा ओतला, दोन खडे साखर बशीत ठेवली, आणि पाहुण्या बाईने दुधाचा वाडगा धरला होता अगदी तसाच, दोन्ही हातांनी पुढे केला. दिवाणखान्याच्या दारातून तिने ते बघितलं असणार.

आईने बाह्या मनगटांपर्यंत खाली ओढल्या, तिकडे मान देताना ओढतात तशा, आणि दोन्ही हातांनी घेतला. "म्हणजे हीसुद्धा घरचीच," ती लेकीला म्हणाली. "चांगलं तोंड आहे हिचं." आणि पेला ओठांकडे नेला.

सोलोंगोला सांगायचं बरंच होतं. की हा पेला घरच्यांचा नाही, दूर ठेवलेल्यांचा आहे. की ह्याच्यात तुझा अपमान आहे, माझा आहे, ह्या बाईचाही आहे. दोन महिने मनात घोकलेलं होतं. पण तोंडातून निघालं ते तुर्कीत, आणि आवाज होता हुबेहूब पेरिहानमावशीचा.

"शी! नको, गुलिझारचं उष्टं आहे ते!"

आणि पेल्यावर हात मारला. चहा आईच्या झग्यावर, गुलिझारच्या मोज्यांवर, फरशीवर. पेला फुटला नाही. घरंगळत जाऊन स्टुलाच्या पायाशी थांबला.

"बरोबर आहे," मागून पेरिहानमावशी म्हणाली. ती तोंड पुसत दारात आली होती. "पाहुण्या बाईला त्यातून कशाला? गुलिझार, तुला कळत नाही का?"

पायाला चटका बसला असेल, पण गुलिझारने खाली पाहिलं नाही. ती सोलोंगोकडे बघत होती. रागाने नाही, आपण बसमधली चुकीची माणसं ओळखीची समजून हात हलवतो आणि मग हात खाली घेतो, तसं. मग तिने ओल्या मोज्यांनीच वाकून फरशी पुसली. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. सोनेरी कडेचा एक पेला उचलला, पण बोटांनी नाही. धुतलेल्या फडक्याच्या घडीत धरून. चहा ओतला. तसाच फडक्यात धरून तो सोलोंगोपुढे केला. आईपुढे नाही.

"घ्या सोंगुलबाई," ती म्हणाली. "तुम्हीच द्या त्यांना. मी हात नाही लावला."

सोलोंगोने तो घेतला. स्वतःच्या हाताची, जिभेची, गळ्यातून आलेल्या त्या आवाजाची तिला इतकी किळस आली की ती कुठे पुसून टाकावी हे कळेना. बेसिनच्या कडेला कोलोनची बाटली होती. तिने तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

तिने पेला आईच्या हातात दिला.

"काय म्हणाली ती?" आईने विचारलं.

"चहा घ्या म्हणाली."

आईने झग्यावरचा ओला डाग हाताने झटकला. मेंढ्यांच्या कळपात एखादीला काही झालं की ती न बघता ओळखायची. "आणि त्याआधी तू काय म्हणालीस?"

सोलोंगोने सांगितलं. आपल्या भाषेत, एक शब्द कमी न करता.

आईने भरलेला पेला तसाच ओट्यावर ठेवला. मग गुलिझारच्या पुढे खाली बसली, आणि तिच्या पायातले ओले मोजे काढू लागली.